सिस्टर आत्याचा पेशंट

आमची सिस्टर आत्या कॉम्प्युटर चालू करायच्या आधी साबणाने हात धुवायची. थट्टा नाही, खरंच! अगदी कोपरापर्यंत. मग स्वच्छ टॉवेलला हात पुसायचे, मागच्या डब्यावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "आज अंग जरा कोमट हाय. बघू काय म्हणतंय ते." जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती ती. निम्म्या पाटोदा तालुक्याला तिने सुया टोचलेल्या, त्यामुळे सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, तेसुद्धा! मामा गेले, पुढे ती निवृत्त झाली आणि पुण्याच्या लेकाने आपला जुना कॉम्प्युटर तिला पाठवून दिला. झालं, बाईंना नवा पेशंट मिळाला.

मी बीडला एका ऑफिसात दिवसभर पत्रं टाइप करते. एवढ्या भांडवलावर आमच्या खानदानात मी इंजिनिअर. आत्याचा फोन यायचा, "अगं, ते गप पडलंय, डोळेच उघडंना. सुट्टी टाक अन् ये." मी बस धरायची. तिथे जाऊन बघावं तर काय, तिने कीबोर्ड स्पिरिटच्या बोळ्याने इतका घासलेला, की बटणांवरची अक्षरं बोळ्यावर आलेली. मी कपाळाला हात लावला. ती आपली खुशीत, "पण जंतू एक न्हाई ऱ्हायला!"

एकदा तर कहर केला. मशीन चालू व्हायला इतका वेळ लागायला लागला, की चहा व्हायचा, पिऊन व्हायचा, कप धुऊन पालथे पडायचे, तरी पडद्यावर गोल गोल फिरतंच आहे. बघितलं तर बाईंनी आत तीन अँटीव्हायरस घातलेले. मी ओरडले, "आत्या, एका कॉम्प्युटरला एकच असतो गं!"

"कावून? लेकरांना त्रिगुणी लस दिली ती काय उगं दिली का मी?"

ते तिघे आत एकमेकांनाच व्हायरस समजून झोंबत होते. त्यांतले दोन काढताना ती माझ्या शेजारी उभी राहून हळहळत होती.

बरं, हे व्हायरस यायचे कुठून? तर माणुसकीतून! मामांची गायन पार्टी होती. भीमगीतं, बुद्धगीतं, सगळी त्यांनी स्वतः बांधलेली. जयंती जवळ आली की जिल्ह्यातून सुपाऱ्या यायच्या, उमापूरपासून धर्मापुरीपर्यंत. त्यांच्या कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा लेकाने सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरवून दिली. मग काय, दर जयंतीच्या आधी आत्याच्या ओट्यावर पेन ड्राइव्हवाल्यांची रांग लागायची. कुणाचा रिक्षातून काढलेला, कुणाचा बँडच्या गाडीतला, कुणाचा लेकीच्या दप्तरातला. आत्या प्रत्येकाच्या तोंडाला आधी स्पिरिट लावायची, म्हणजे पेन ड्राइव्हच्या, आणि मग मशीनमध्ये खुपसायची. मी जीव तोडून सांगायचे की असा कुणाचाही लावू नको. तिचं ठरलेलं उत्तर, "गाण्याला आलेल्या माणसाला न्हाई म्हणू ने. ते कधी म्हनले न्हाईत, मी कावून म्हनू?"

त्या सगळ्या गाण्यांत तिचं एकच लाडकं होतं, आणि खरं सांगायचं तर गाण्यापेक्षा त्याच्या आधीचा भाग लाडका. सुरुवातीला मामा खोकतात आणि म्हणतात, "सिस्टर, जरा पाणी द्या." तेवढ्यात लांबून आत्याचा तरणा, खणखणीत आवाज, "आधी गाणं म्हणा, मग पाणी!" सगळी पार्टी खो खो हसते आणि ढोलकीवर थाप पडते. आत्या रोज सकाळी हात धुऊन आधी एवढंच ऐकायची. गाणं सुरू झालं की उठून स्वयंपाकाला लागायची.

आणि एका जयंतीच्या तोंडावर तिचा फोन आला. आवाज एकदम विजयी! "अगं, लई मोठा रोग आलता, पण मी मुळासकट काढला." गाण्यांच्या सगळ्या फोल्डरांवर एकाएकी बाण उमटलेले, उघडायला जावं तर उघडेनात. बाईंनी निदान केलं, अंग सडलं, कापून टाकायला हवं. म्हणून गाण्यांचा अख्खा कप्पा फॉर्मेट केला, म्हणजे पुसून कोरा. वर 'क्विक' शब्दापुढची खूण काढून, सावकाश! "घाईत केलेलं ड्रेसिंग चिघळतं गं," ती म्हणाली. मी पहिली बस धरली. त्या व्हायरसने गाणी नुसती लपवली होती हो! खरी गाणी मागे जशीच्या तशी बसली होती. आणि क्विक केलं असतं तरी बीडचा दुकानदार ती ओढून काढू शकला असता. आता डिस्क बघून त्यानेही नाही म्हणून मान हलवली. पुण्याच्या लेकाजवळची प्रत जुन्या डिस्कबरोबर केव्हाच गेलेली.

हे तिला सांगायचं कसं? सांगितलं शेवटी. मशीनवर तिने पांढरी चादर पांघरली, तोंडापर्यंत. मला ते बघवेना. मी सरळ सगळ्या ग्रुपवर मेसेज टाकला: सिस्टरकडून ज्यांनी ज्यांनी मामांची गाणी नेली, त्यांनी ती घेऊन पाटोद्याला यावं. आत्या अशी भडकली म्हणता! "जगाला कावून सांगितलंस? माझ्या हातानं त्यांचा आवाज पुसला, हे आता गावोगाव कळलं ना!" आणि पदर तोंडाला लावून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच माणसं यायला लागली, आणि काय माणसं आली! उमापूरहून पार्टीचे जुने पेटीवाले काका जुन्या मोबाईलचं कार्ड कागदाच्या पुडीत बांधून घेऊन आले. पाटोद्याच्या केशकर्तनालयातला स्पीकरच उचलून आला. दारात आलेला प्रत्येक जण "जयभीम, सिस्टर" म्हणायचा आणि खिशात हात घालायचा. मी माझा लॅपटॉप लावून बसलेली, आणि एकेक गाणं परत येतंय! आत्या गाणं ओळखून नाव ओरडायची, मी ते लिहायची. दुपारपर्यंत जवळजवळ सगळी आली. ते लाडकं गाणंही आलं, अनेकांकडून आलं. पण खोकला कुणाकडेच नाही! मिरवणुकीत भोंग्यावर बरं दिसत नाही म्हणून लोकांनी तेवढा भाग छाटलेला. आत्या म्हणायची, "असू दे, गाणं तर हाय." म्हणायची आणि लगेच दाराकडे बघायची.

मग धर्मापुरीचा एक ट्रॅक्टरवाला आला. पेन ड्राइव्हला चिकटपट्टी गुंडाळलेली, भोकात माती. "लई वर्षं झाली, सिस्टर. ट्रॅक्टरातच ऱ्हायला." लावला, आणि माझ्या लॅपटॉपने बोंब मारली. पडदा लाल! सगळीकडे तेच बाण. काढून टाकू का, असं मशीन विचारतंय, माझं बोट खाली जातंय, इतक्यात आत्याने माझं मनगट धरलं. "थांब! या खेपंला काय बी कापायचं न्हाई." मी लपलेल्या फायली दाखवायला लावलं. आल्या सगळ्या! शेवटची उघडली. खरखर झाली, आणि मामा खोकले.

"आला! आला बघ खोकला!" आत्याने अशी आरोळी ठोकली की गल्ली गोळा झाली. सिस्टर, जरा पाणी द्या. आधी गाणं म्हणा, मग पाणी! पेटीवाले काका हसत हसत डोळे पुसत होते, ट्रॅक्टरवाला आपण काय मोठं आणलं म्हणून बावरून उभा होता, आणि आत्या टाळ्या पिटत होती. त्यात पेन ड्राइव्हमधला रोग माझ्या लॅपटॉपमध्ये शिरला तो शिरलाच. ती म्हणाली, "येऊ दे. तापच हाय, उतरंल." आणि त्याच ट्रॅक्टरवाल्याला बाकीची सगळी गाणी भरून दिली.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. विहारात तिच्या जलदान विधीला मी ते गाणं लावलं, खोकल्यासकट. मामांनी पाणी मागितलं आणि आत्याचा तो तरणा आवाज विहारभर घुमला. आधी सगळे चपापले, मग हसले.

विधी आटोपल्यावर लोक माझ्याभोवती जमले. प्रत्येकाच्या हातात पेन ड्राइव्ह. "ताई, ते सुरुवातीचं बोलनं बी द्या," म्हणाले. ऑफिसात बाहेरचा पेन ड्राइव्ह लावणाऱ्यावर मी खेकसते. तिथे मी कोपऱ्यातल्या नळावर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, आणि म्हटलं, "द्या इकडं. कुणाला न्हाई म्हणायचं न्हाई."