कण्याचा पहिला खिळा

होडीचा कणा जोडायचा दिवस आबांनी ठरवला आणि मला बजावलं, "त्या दिवशी तू जरा लांबच उभी रा."

तीन महिने दर शनिवारी-रविवारी मी जुईनगरहून बोनकोड्याला वडिलांकडे येत होते. आबा थकले होते, पण एक शेवटची होडी आपल्या अंगणात, आपल्या हातांनी बांधायची, असं त्यांनी मनात धरलं होतं. खरं तर माझ्या हातांनी. त्यांना आता रंधा धरवत नव्हता. कणा म्हणजे तळाशी लांबीभर जाणारं लाकूड. बाकी सगळी होडी त्याच्यावर उभी राहते. ते सागवानी लाकूड मी तासलं, दोरी लावून तीनतीनदा सरळ केलं. होडीच्या तोंडाशी वर चढणारं लाकूड, म्हणजे नाळ, जिथे जोडायची तिथली खाच मी कोरली. खिळ्यासाठी भोकही मीच पाडलं. आबा खुर्चीत बसून चुका काढायचे. मला ते आवडायचं, लपवत नाही. लहानपणी त्यांनी मला हत्याराला हात लावू दिला नव्हता. आता एकदा तरी 'पोरीनं बांधली' असं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. एवढीच माझी हाव.

पण आमच्या घरची रीत अशी, की नाळ आणि कणा जोडणारा पहिला खिळा घरच्या मुलाने मारायचा, आणि बाईने कणा ओलांडायचा नाही. माझा धाकटा भाऊ नेरूळहून आला, कडक इस्त्रीचा कुर्ता घालून. तीन महिन्यांत तो अंगणाकडे फिरकला नव्हता. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला.

"भोकातच मार हां," मी लांबून म्हणाले.

"ताई, टेन्शन नको घेऊ. एक खिळाच तर मारायचाय."

त्याची बायको व्हिडिओ काढत होती. तिच्याकडे बघत साहेबांनी खिळा भोकाशेजारी टेकवला आणि हातोडा हाणला. दुसऱ्या घावाला लाकूड कडाडलं. चांगला वीतभर तडा गेला.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मोकळ्या राहिलेल्या भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळले. "तू वलांडलास ना कना? तरी मी सांगत व्हतो."

ओलांडला होता. शंभरदा. भुसा काय उडत जाऊन झाडत होते? शेजारच्या बायका हळहळल्या. भावाने हातोडा खाली ठेवला आणि कुर्ता झटकला. सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं आणि तो जेवून, वर डबा भरून घेऊन गेला.

मंडळी पांगल्यावर मी आबांना सरळच विचारलं, "माझ्यामुळे तडा गेला?"

"नाय गं. त्यानं खिला चुकवला. मना दिसत नाय का?"

"मग चारचौघांत माझं नाव कशाला?"

ते चष्मा पुसत राहिले. "त्याला बोललो असतो तं तो परत आला नसता. तू कुटं जातेस?"

मी चपला घातल्या. या अंगणात परत पाय ठेवणार नाही, असं स्टेशनपर्यंत घोकत गेले.

पुढच्या शनिवारी सकाळी नऊला मी तिथेच होते, तडा गेलेला तुकडा कापून काढायला. आबा खुर्चीत होते. माझा चहा त्यांनी आधीच ओतून ठेवला होता. इतका राग मला त्या दिवशीसुद्धा आला नव्हता.