माझ्यावर म्हटलेली झडती

आमच्या गावच्या पोळ्यात तोरणाखाली माझ्यावर झडती म्हटली गेली, त्याला आता वर्ष होत आलं. लोक विसरले असतील. मी विसरलो नाही आणि विसरणार पण नाही. म्हणणारा माझा सख्खा धाकटा भाऊ होता. त्याला तोंड मोकळं करून देणारी माझी बायको होती.

झडती म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसासाठी सांगतो. पोळ्याला गावच्या साऱ्या जोड्या सजवून आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेनं उभ्या करतात. तोरण तुटायच्या आधी कोणीतरी पुढं येऊन दोन-चार ओळी ठोकतो. सरपंचावर, सासऱ्यावर, न आलेल्या पावसावर, कोणावर पण. शेवटी ‘हर बोला हर हर महादेव’ म्हटलं की गाव ओरडतं, डफडं वाजतं, आणि ज्याला टोला लागला त्यानं झडतीतच उत्तर द्यायचं. उत्तर नाही सुचलं तर तो हरला. रागवायचं मात्र नाही, हा रिवाज आहे. मी रागावलो नाही. त्या दिवशी नाही.

भाऊ माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा माझं नवीनच लग्न झालं होतं. माझ्या बायकोनंच त्याला न्हाऊ-माखू घालून मोठं केलं. झडत्या त्याच्या तोंडात जन्मापासूनच होत्या म्हणा ना. दुसऱ्या गावचे पाहुणे मुद्दाम आमच्या पोळ्याला यायचे, याला ऐकायला.

पंचविशीत त्याचं बिघडलं. आठ दिवस झोपला नाही, आणि उभ्या पराटीत, कपाशीच्या वावरात, एकट्यानं विहीर खोदायला घेतली. साऱ्या तालुक्याला पाणी पाजतो म्हणे. नंतर चार महिने भिंतीकडं तोंड करून पडून राहिला, अंगावर पाणी घेतलं नाही. गाव म्हणालं करणी आहे. मी पण दोन वर्षं त्याच नादात घालवली, ते कबूल करतो. शेवटी यवतमाळच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, याला बायपोलर म्हणतात. मन कधी एकदम वर चढते, कधी खोल खाली जाते. नाटक नाही, बाधा नाही, बीपी-शुगरसारखा आजार आहे. गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, आणि मधूनमधून रक्त तपासून गोळीचं माप पाहायचं.

पण बरं वाटलं की तो बंद करायचाच. तीनदा दवाखान्यात ठेवावा लागला. लग्न जुळलं होतं, ते मोडलं. तिसऱ्या वेळी घरी आणला त्या दिवशी मी ठरवलं, की आता गोळी माझ्या हातानं.

तेव्हापासून संध्याकाळचं जेवण झालं की तो ओसरीवर माझ्यासमोर बसायचा. मी त्याच्या तळहातावर गोळी ठेवायचा, तांब्या द्यायचा. तो गिळायचा. मग मी म्हणायचा, “आ कर.” तो आ करायचा. “जीभ उचल.” उचलायचा. मी बोटानं दोन्ही गाल चाचपून पाहायचा. सात वर्षं. एक दिवस खाडा नाही. मोठ्या साळ्याच्या मयतीला गेलो तर तिथंही याला सोबत नेला होता. सात वर्षांत दवाखान्याची खाट लागली नाही. त्याचे हात थोडे थरथरायचे, चहा बशीत सांडायचा, तहान फार लागायची. पण शेतात यायचा, जेवायचा, झोपायचा. मी गावात छाती काढून फिरायचा. झडत्या बंद झाल्या होत्या हे खरं. पोळ्याला तो बैलाचा कासरा धरून मागं उभा राहायचा. मी म्हटलं, बरं झालं, पोरकटपणा गेला.

मागच्या वर्षी पेरणी आटोपल्यावर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धूळ नको, धूर नको, वाकायचं नाही. मी आतल्या खोलीत हिरवा चष्मा लावून पडलो आणि गोळीचं काम बायकोला दिलं. ती खाली मुंडी घालून हो म्हणाली. रोज संध्याकाळी मी आतून विचारायचा, “घेतली का?” आणि ओसरीवरून दोघांचा आवाज एकदमच यायचा, “घेतली.”

पोळ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी भाऊ खुलला. पहाटेच उठायचा, गोठा झाडायचा. बैलांच्या शिंगांसाठी रंग आणला, झूल धुतली, नवी वेसण ओवली. स्वतःशीच गुणगुणायचा. मी म्हटलं, पोळा जवळ आला, शेतकऱ्याचं पोरगं खुश होणारच. डोळा नवीन झाला होता, गोळीचं काम मात्र अजून बायकोकडंच होतं. मला सगळं लख्ख दिसत होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळताना तो माझ्याशी इतकं बोलला, की मी घरात येऊन बायकोला म्हणालो, पाहून घे, माझ्या हातचा गुण. ती चुलीकडं वळली. धूर लागला असेल असं मला वाटलं.

पोळ्याला आमची जोडी मानाची, म्हणून सगळ्यात पुढं. मी कासरा धरून उभा. तोरणाचं सगळं पाहतो तो माझा लंगोटीयार. त्यानं हात वर करून डफडं थांबवलं आणि माझ्या भावाला पुढं बोलावलं. सात वर्षांनी. गाव ओरडलं. त्यानं पहिली म्हटली ती लाइटवाल्यावर, दुसरी तोरणवाल्यावर. लोक पोट धरून हसले. मी पण हसलो, खोटं कायले बोलू. मला गर्वच झाला. मग तो माझ्याकडं वळला.

बाजारचा बैल घेता दात मोजते धनी,
घरच्या भावाची जीभ उचलते, वरून पाजते पानी.
बैलालेही पोळा हाय, एक दिवस मोकळा,
माह्या तोंडाचं मुस्कं काढा, मंग करा पोळा.

हर बोला, आणि सारं गाव हर हर महादेव. उभ्या पिकात डवरा, म्हणजे कोळपं, चालवताना बैलानं पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतो, ते मुस्कं. लोकांना सगळं समजलं. ओसरी रस्त्यावरच आहे, सात वर्षं येता-जाता पाहतच होते. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी कासरा हाताभोवती गुंडाळत राहिलो. लंगोटीयार म्हणाला, “दे न उत्तर, पाटील.” मी पाटील नाही. मला चिडवायला तो तसं म्हणतो.

त्या रात्री भाऊ झोपला नाही, दुसऱ्या रात्री पण नाही. गल्लीत, देवळाच्या ओट्यावर, नळावर, झडत्या चालूच. तिसऱ्या दिवशी सकाळी घरात नव्हता. तेव्हा बायकोनं तुरीच्या डाळीचा डबा माझ्यासमोर उपडा केला. डाळीत गोळ्यांची पाकिटं होती. एकही गोळी फुटलेली नव्हती.

ती रडली नाही. तिनं सरळ सांगितलं. तो तिच्यापाशी येऊन बसला होता. वहिनी, माह्ये शब्द मेले म्हणे, पोळ्यापुरती सोडू द्या, एकच झडती म्हणू द्या, दुसऱ्या दिवशी तुमच्या समोर घेतो. तोरणवाल्यानं पण त्याला भरीला घातलं होतं, गोळ्या खाऊन खाऊन तू बैल झाला म्हणून. 

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “पण तुमाले इचारलं असतं तर तुमी नाहीच म्हणले असते.”

“नाहीच म्हणलं असतं.”

“मंग.”

एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात मीठ कमी पडलं तरी ती मला सांगायची, आणि हे तिनं रोज संध्याकाळी माझ्या तोंडावर खोटं सांगितलं. दोघांचा तो एकदम येणारा आवाज. तो माझ्या कानातून जात नाही.

भाऊ नेरच्या बसस्टँडवर आहे, असं गावातल्या एकानं मोबाईलवर दाखवलं. त्यात तो बाकावर उभा राहून हातवारे करत होता आणि खाली कोणीतरी हसत होतं. हसण्याचा आवाज ओळखीचा होता. गावातली एक जीप घेऊन मी गेलो. बायको यायला निघाली, मी तिला नको म्हटलं.

पायात चप्पल नव्हती. अंगावर पोळ्याचाच गुलालानं भरलेला सदरा. आवाज बसून फाटला होता, ओठाच्या कोपऱ्यात फेस. भोवती रिंगण, दहा-पंधरा मोबाईल वर. त्यात माझा लंगोटीयार. मला पाहून त्यानं मोबाईल खिशात घातला आणि म्हणाला, आम्ही काय जबरदस्ती केली का, त्याला आवडते. मी त्याच्याशी बोललो नाही. आजपर्यंत नाही बोललो.

भावानं मला पाहिलं आणि तीच झडती पुन्हा सुरू केली, दात मोजते धनी. मी उभा राहून पूर्ण ऐकली. संपल्यावर म्हटलं, “चाल बाबू, दवाखान्यात जाऊ.”

“मुस्कं आनलं का?”

“नाही आनलं.”

“तू माह्या तोंडात पाहाशीन.”

“नाही पाहनार.”

“असं नाही, भाऊ. झडतीत सांग. तुह्यावर उधार हाय.”

लोक थांबले. जन्मात मी झडती म्हटली नव्हती. त्या रिंगणात माझे व्याही लागणारे दोघं होते, माझ्या शेजारी कापूस मोजणारे होते. मला वाटलं, फरफटत न्यावा. अंगात तेवढं बळ अजून आहे. पण मी फरफटत नेला असता तर तो पुन्हा कधी माझ्या हातची गोळी घेणार नाही, हे मला दिसत होतं. मी टोपी सारखी केली.

“चाल बाबू, ऊठ बाबू, दवाखान्यात जाऊ,” मी म्हटलं. पुढं येईना. “तुह्या तोंडात मी आता कधी पाहनार नाही. चाल.”

कोणी हसलं नाही. तो बाकावरून माझ्याकडं पाहत राहिला, मास्तर पाटी पाहतो तसा.

“जुळलं नाही, भाऊ. ‘जाऊ’ले ‘भाऊ’ लाव.”

“तू लाव.”

“तुह्या तोंडात पाहनार नाही तुहा मोठा भाऊ,” तो म्हणाला. मग त्यानंच हर बोला म्हटलं, रिंगणानं ओरडून दिलं, आणि तो खाली उतरून जीपमध्ये बसला. यवतमाळपर्यंत तो बोलत होता आणि मी त्याचं मनगट धरून होतो.

तीन आठवडे ठेवला. चढलेलं उतरलं, मग फारच उतरलं. डॉक्टरीणबाईनं त्याला विचारलं, गोळी का सोडली. त्यानं सांगितलं, शब्द येत नाही, हात कापते. बाई रागावल्या नाही. म्हणाल्या, हे आधी सांगितलं असतं तर माप बदलून पाहिलं असतं, मनानं सोडायची नाही. रक्त तपासून त्यांनी माप बदलून दिलं.

परतताना एसटीत मी त्याला म्हटलं, “मले सांगाचं होतं.”

“सांगतलं होतं. दोनदा. तू म्हनला, झडतीनं काय पीक येते का.”

मला असं काही बोलल्याचं आठवत नाही. घरी आल्यावर बायकोला विचारलं. ती भांडे घासत होती. म्हणाली, म्हणाले होते तुम्ही, वखराची लोखंडी पास बसवत होते तेव्हा. तिला वखर पण आठवत होता. मी जाऊन बैलांना पाणी पाजलं.

तिच्याशी मी बोलतो. जेवण वाढ, दार लाव, एवढं बोलतो. ती त्याची आई झाली, ते मला मान्य आहे. पण त्याच्या पायी मी सात वर्षं एकटा कुठं गेलो नाही, आणि त्या दोघांना मिळून सगळ्यात सोपं वाटलं ते मला फसवणं. माझा धाक असेल, माझा हट्ट असेल. असेल. तरी घरात मीच एकटा होतो ज्याला ठाऊक नव्हतं, आणि बाहेर तोरणवाल्याला पण ठाऊक होतं.

आता पुन्हा गोळी माझ्याकडं आहे. जेवण झालं की ओसरीवर त्याच्या तळहातावर ठेवतो, तांब्या देतो आणि तोंड गोठ्याकडं फिरवतो. दोन घोट ऐकू येतात. तो म्हणतो, “झालं.” मी मान हलवतो. चारचौघांत झडतीत दिलेला शब्द आहे, तो मोडता येत नाही. मागच्या वेळचं रक्त बरोबर आलं. पुढची तपासणी सोमवारी आहे, पोळा त्याच आठवड्यात.

आणि दोन दिवसांपासून तो बैल धुताना पुन्हा गुणगुणतो आहे. बायको माझ्याकडं पाहते, मी तिच्याकडं पाहत नाही. माप बदललं म्हणून शब्द आले, की गोळी पुन्हा डाळीत चालली? काल मी रिकाम्या घरात डबा उघडून डाळीत कोपरापर्यंत हात घातला. डाळच होती. मला माझीच लाज वाटली, पण हात घातला हे खरं.

आज संध्याकाळी गोळी देऊन मी गोठ्याकडं पाहत बसलो. दोन घोट ऐकू आले. झालं म्हणाला नाही. मानेची शीर ताणून दुखायला लागली, इतकं मला वळून पाहावं वाटत होतं. मग तो म्हणाला, “भाऊ, सोमवारचं रक्त पाहू. बाई हो म्हनल्या तरच तोरनाखाली जाईन.”

मी हं म्हटलं.

“एक अडली हाय. ‘गोठा’ले काय जुळते?”

शब्द स्वच्छ आले होते, बोबडे नाही. पण गाल मोठे असतात, आणि तो हुशार आहे.

“मोठा,” मी म्हटलं. मान वळवली नाही.