भंगारवाल्याआधी बक्खाली

सोमवारी ट्रक न्यायला भंगारवाला येणार, असं माझ्या नवऱ्याने, सुधीरने परस्पर ठरवून टाकलं आणि माझं डोकं सणकलं. ट्रक माझ्या बाबांचा. त्यांचा कागदाचा धंदा केव्हाच मिटला, पण बदली होऊन कोलकात्यात आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांची कपाटं-पलंग याच ट्रकने वाहिलेत, आणि मंडळाचा गणपतीही दरवर्षी यातूनच घाटावर जातो. कागदपत्रं चोख, शहराच्या नियमात अजून बसतो. मग भंगार कसा? सुधीर बँकेतून निवृत्त झालेला, त्याचं म्हणणं एकच: उभी गाडी म्हणजे बुडीत खातं. मी म्हटलं, शनिवारी समुद्रावर, बक्खालीला जाऊ. आपल्या चाकांवर परत आला तर भंगारवाल्याला नाही म्हणायचं. टोचन करून आणावा लागला, तर खुशाल विक.

बालीगंजमधून पहाटेच निघालो. तुम्हीही मालवाहू गाडी नेणार असाल तर शहरात दिवसाची बंदी लागायच्या आत बाहेर पडा. डायमंड हार्बर रोड आमतल्यापर्यंत जीव खातो, टोटो म्हणजे इथल्या ई-रिक्षा आणि सायकलव्हॅन कुठूनही समोर येतात. पुढे रस्ता बरा आहे. डायमंड हार्बरला नदीकाठी कचुरी आणि बटाट्याची भाजी खाल्ली, दोघांचं शंभरात झालं. सुधीर सगळा वेळ इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन बसला होता. गाडी बंद पडायची वाट पाहत होता, दुसरं काय!

काकद्वीपनंतर ट्रक आचके देऊ लागला. नामखान्याच्या पुलाचा चढ समोर आला आणि त्याचा जोरच गेला. कसाबसा कडेला घेतला. सुधीरने शांतपणे फोन काढला आणि क्रेनवाल्याचा नंबर शोधू लागला. मी म्हटलं, फोन ठेव, सीटखाली नवा डिझेल फिल्टर आहे.

चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला आली. "दीदी, आपनी पारबेन ना," त्यातला एक म्हणाला. तुम्हाला जमायचं नाही, मिस्त्री बोलवा, असा एकूण सूर होता.

"पारबो," मी म्हटलं आणि ओढणी कमरेला खोचली.

जुना फिल्टर पट्टा घालून पिळला तेव्हा कुठे सुटला. त्यातलं डिझेल बरणीत ओतलं, तर तळाशी पाणी आणि गंजाचा चिखल. पाणी कुठून आलं ते मला तिथेच कळलं. विकायच्या गाडीत डिझेल कशाला, म्हणून सुधीरने अख्खा पावसाळा टाकी जवळजवळ रिकामी ठेवली होती. इथल्या दमट हवेत रिकाम्या टाकीला आतून घाम फुटतो आणि तेच पाणी फिल्टरमध्ये उतरतं. जुनी डिझेल गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, हे एवढं तरी माझं ऐका.

बरणी मी त्याच्या नाकासमोर धरली. "ही बघ तुझी बचत."

नव्या फिल्टरच्या रबराला डिझेल चोळलं, हाताने घट्ट बसवला आणि ऐटीत चावी फिरवली. इंजिन जरासं बोललं आणि मेलं. टपरीवाले हसले, माझे कान तापले. घाईत मी पाइपात शिरलेली हवा काढायलाच विसरले होते. त्यासाठी एक स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत. एकाने दाबायचं, दुसऱ्याने स्क्रूपाशी थांबायचं. मी सुधीरकडे पाहिलं. तो नुसता उभा राहिला असता तरी पैज जिंकला असता. त्याने बाह्या वर सारल्या.

"किती वेळ दाबायचं?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

पूल आम्ही दणक्यात चढलो. बक्खालीला सुरूच्या बनाजवळ साधी खोली हजारात मिळाली, पारशे माशाचा कालवण-भात उत्तम होता. समुद्र तिथला गढूळ आणि संथ. मूळ पुण्याच्या सुधीरला कोकणच हवं असतं, पण मी इथेच जन्मले, मला हाच आवडतो. रविवारी ट्रक कुरकुर न करता घरी आला. आता विचाराल तर समुद्र फारसा आठवत नाही, पूल चढतानाचा तो आवाज मात्र अजून कानात आहे.

सोमवारी बेल वाजली. मी भांडायच्या तयारीने जिना उतरले, तर सुधीर आधीच फाटकात होता. ट्रक विकायचा नाही, हे त्याने सांगूनही टाकलं होतं. भंगारवाला वळणार तेवढ्यात त्याने त्याला थांबवलं.

"इस मॉडल का कोई ट्रक टूटने आए," तो म्हणाला, "तो उसकी अच्छीवाली टंकी हमारे लिए रखना. हमारी मैंने सड़ा दी."