चिखल्यांचा दाखला

आमच्या आयुर्वेद महाविद्यालयात रोग्यांपेक्षा समित्या जास्त. रॅगिंगविरोधी, तक्रार निवारण, ग्रंथालय, वनौषधी उद्यान, उपाहारगृह. नाही म्हणायला मला कधी जमलं नाही, म्हणून निम्म्या समित्यांत मी असतेच. कॉलेज समित्यांच्या आधारावर उभं आहे, असं आमचे प्राचार्य दर भाषणात सांगतात. आधार देऊन देऊन माझे गुडघे गेले.

भाताची रोवणी आटोपली की हजेरी समिती बसते. यंदा समोर उभी होती लाखनीकडच्या खेड्यातली पहिल्या वर्षाची मुलगी. हजेरी कमी भरली होती. सूट मिळाली नाही तर परीक्षा नाही, आणि एकदा वर्ष बुडालं की तिच्या घरचे तिला परत पाठवणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आजारपणाचा दाखला असला की सूट, एवढाच नियम. दाखला द्यायला तर समितीतले सगळेच डॉक्टर.

अध्यक्ष नगरकडचे, रोवणा कधी न पाहिलेले, पण मनाने चांगले. "ताप होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही जी."

"मग एवढे दिवस कुठे होतीस?"

"रोवणा होता जी. मजूर भेटून नाही राहिले. आईले एकटीले झेपत नव्हतं."

"बरं, उलटी, जुलाब, काहीतरी?"

"काहीच नाही जी. मी चांगली होती."

डॉक्टरांची अख्खी समिती एका धडधाकट पोरीच्या विनवण्या करत होती, की बाई, आजारी हो. पोरगी काही ऐकेना. मला तिचा राग आला. दुपारची वेळ, चहा गार झालेला, त्यानंतर उपाहारगृह समिती होतीच. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचा खरेपणासुद्धा जड होतो.

तेवढ्यात माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. उभ्या उभ्या ती एक पाय दुसऱ्यावर घासत होती. माझी आई रोवण्याहून आली की चुलीपुढे बसून असेच पाय घासायची, मग बोटांत हळद-तेल भरायची.

"चप्पल काढ वं," मी म्हटलं.

बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या. चिखल्या. दिवसदिवस भाताच्या बांधीतल्या चिखलात उभं राहिलं की होतात. आमच्या ग्रंथांत या रोगाला 'अलस' म्हणतात. तेच नाव घालून मी तिथल्या तिथे दाखला लिहिला, अध्यक्षांनी पटकन सही केली, सूट मंजूर झाली. सगळ्यांना हायसं वाटलं, तिच्याशिवाय.

"पण मॅडम, चिखल्या रोवण्यानं झाल्या जी. चिखल्यानं मी घरी नव्हती राहिली."

"चूप बस आणि परीक्षेला बस," मी म्हणाले. उलटसुलट कारणं आमच्या समित्यांना चालतात. तिच्यापुढे मात्र मला मनातून लाज वाटली.

कागद घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वाचता वाचता थांबली. हा रोग अजून तिला शिकवलेला नव्हता. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"मॅडम, सूट नाही भेटली तरी चालन जी. पण मले आळशी काहून लिहिलं?"