गीताच्या जिभेखालचा खडा

डाक्तरनं मले इचारलं, "सूज केव्हा येते? जेवताना की एरवी?" बावीस वर्षं झाली लगनाले. या बाईले मी जेवताना कधी पाह्यलंच नव्हतं!

हसू नका. आमच्या बीबी गावात कोणत्या नवऱ्यानं बायकोले जेवताना पाह्यलं, सांगा मले. मी जेवायचो, ती वाढायची. माहं ताट उचललं की ती चुलीमागं भिंतीकडं तोंड करून बसायची, अन् मी तवर वावरात. माहं नाव इंद्रभान, भाजी-माळव्याचा धंदा. वांगं किडकं हाये का चांगलं, हे मी देठ पाहून सांगतो. अन् घरची बाई... जाऊ द्या.

गीता कधीकधी जबड्याखाली हात धरून उभी दिसायची. "काय झालं वं?" म्हटलं की म्हणायची, "काही नाही." एकदाच बोलली, घास घेतला की कळ येते म्हून. मी अक्कल पाजळली, दाढ असंन! बाजारातल्या दात काढणाऱ्यापाशी नेलं. त्यानं एक दाढ काढली, पंधरा दिवसांनी दुसरी. दोन्ही चांगल्या निघाल्या. त्याच्यानंतर तिनं अंबाडीची आंबट भाजी सोडली, लिंबू सोडलं, अन् मले सांगणंही सोडलं.

महाराष्ट्र झाला त्याच्या तिसऱ्या साली, जवारीच्या सोंगणी-कापणीच्या दिवसांत, तिची मान सुजली. ताप चढला, तोंड उघडंना. तवा कुठं मी तिले एसटीत बसवलं अन् चिखलीचा दवाखाना गाठला.

डाक्तरनं तिच्या जिभेखाली बोट घातलं, दुसऱ्या हातानं जबड्याखालून दाबलं. म्हणे, "खडा आहे."

"खडा? तोंडात? ती काय माती खाते का साहेब?"

तो चिडला नाही. "लाळेतच चुन्यासारखा क्षार असतो. जबड्याखालच्या ग्रंथीत लाळ तयार होते आणि बारीक नळीतून जिभेखाली येते. नळी खालून वर चढते, लाळही घट्ट. थोडी साचली की एखाद्या कणाभोवती थर बसतो, मग थरावर थर. जेवायला बसलं की लाळ सुटते, पण वाट बंद! म्हणून तेव्हाच गाठ फुगते, नंतर उतरते. घरात कुणालाच दिसली नाही?"

घरात तं आम्ही दोघंच. जमीन फाटली असती तं बरं झालं असतं.

त्यानं जिभेखाली चीर देऊन खडा काढला. जवारीच्या दाण्याएवढा, पिवळट, खरबरीत. मले दाखवाले त्यानं तो फोडला, तं आत कांद्यासारखे पापुद्रे. "किती वर्षांचा?" मी इचारलं. "नक्की सांगता येत नाही. पण हे एका वर्षाचं काम नाही." मी ते थर मोजाले लागलो अन् मधातच सोडून देलं.

"दुसरा खडा ग्रंथीतच आहे," डाक्तर म्हणे. "त्यासाठी नागपूरला न्यावं लागेल, पण आत्ता यांच्या अंगात ताकद नाही. महिनाभर चांगलं खाऊ घाला. रोज जेवताना समोर बसा. गाठ आली आणि उतरली नाही, तर त्याच दिवशी आणा. सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडेल."

घरी आल्यावर मी ताट वाढलं, समोर बसलो. तिनं पदर ओढला, भाकर मोडली, अन् घास हातातच राह्यला.

"तुमच्यासमोर नाही वो उतरत."

मी ओरडलो. मंग हात जोडले. "गीते, मरशीन वं!" तिच्या डोळ्यांतून पाणी, पण घास काही तोंडात गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती उभ्यानं डगमगाले लागली, तवा मीच हरलो.

आता मी दारात बसतो, तिच्याकडं पाठ करून. आत भाकर मोडल्याचा आवाज येते, चावल्याचा येते. मागं पाह्यलं तं ती जेवत नाही, अन् जेवली नाही तं ताकद येत नाही. म्हून नुसता कान देऊन बसतो.

आज चावणं मधातच थांबलं.

"काय झालं वं? सूज आली का?"

आतून आवाज आला, "काही नाही."