हाकेला ओ

केसांच्या कलपाचा झोंबणारा वास आला की मला डहाणूच्या खाडीकाठचा बर्फाचा कारखाना आठवतो. यंत्रातल्या अमोनियाचा असाच वास तिथे रातभर असायचा. सातवीतच शाळा सुटलेली, गाव तिकडे दूर कोल्हापूरकडे. रातपाळीचं ते काम गेलं असतं तर मला दुसरा आसरा नव्हता. यंत्राच्या खोलीत मी एकटा असे. बाहेर बर्फाचे डबे ओढणारा, जवळच्या वरोर गावचा म्हातारा घडीघडी ओरडे, "जागा हाय का रे?" हा माझ्या डुलक्या शेठला सांगणार, अशी माझी खात्रीच होती, सकाळी दोघं बोलताना दिसले की मी नजर चुकवून निघून जाई. एका रात्री त्याचा डाव बघावा म्हणून मी ओ दिलीच नाही. तोंडाला ओला पंचा बांधून तो आत धावला, त्याने मला बखोटीला धरून अंगणात ओढलं आणि माझे डोळे टक्क उघडे बघून मटकन खाली बसला. "मेल्या, गॅस सुटला का माणूस पयला गप होतो," तो धापा टाकत म्हणाला. "तुझ्या आधीचा गडी असाच गप झालेला. झोपला असंल म्हणून मी गेलो नाय." त्यानंतर उजाडेपर्यंत, त्याने हाक मारायच्या आधीच, मी आतून ओरडत राहिलो, "आहे, काका."