हंटरबाईंचा फुटपाथ

आमच्या मॅडम माणसाला रडवल्याशिवाय त्याचा नकाशा पास करत नसत. चांगली मिशीवाली माणसे त्यांच्या खोलीतून बाहेर येऊन जिन्यात रुमालाने तोंड पुसत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. ड्राफ्ट्समन मंडळींनी त्यांचे नाव हंटरबाई ठेवले होते आणि ते त्यांना ठाऊक होते. "नाव बरं आहे," त्या मला म्हणाल्या, "पण हंटर घोड्यावर चालवतात. इथे तर सगळी गाढवंच भरलीयत."

सत्तरच्या दशकाची अखेर होती. वाशी नुकती वसत होती. नव्या शहराचे नियम जिथे लिहिले जात त्या कचेरीत मॅडम नगररचनाकार होत्या आणि मी त्यांची स्टेनो. नातवंडांनो, तिकडे परदेशात साधे दूध आणायलाही गाडी काढावी लागते, असे तुमची आई फोनवर सांगते तेव्हा मला हटकून मॅडम आठवतात. त्या असत्या, तर तुमच्या गावाचा आराखडा काढणाऱ्याचे काही खरे नव्हते.

त्यांच्या टेबलाशेजारी गव्हाने भरलेला एक पत्र्याचा डबा असे. कुणी वसाहतीचा नकाशा आणला की त्या पेन्सिलने एका घरावर फुली मारीत, दुसरी फुली पिठाच्या गिरणीवर, आणि त्या माणसाला डबा घेऊन थेट जागेवर नेत. भर उन्हात. इमारती अजून उभ्या नसत, नुसत्या खुंट्या ठोकलेल्या असत. या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत डबा खाली न ठेवता न्यायचा. ठेवला तर नकाशा परत. "दळण बायका नेतात," त्या म्हणत. "तुम्ही नुसती रेघ ओढता. रेघेला वजन नसतं."

मॅडमचे भांडण मुळात नियमांशी होते. नियम असा, की राहण्याच्या भागात फक्त राहायचे. दुकाने, गिरणी, दवाखाना हे सगळे मोठ्या रस्त्यापलीकडच्या बाजारात. शिवाय प्रत्येक इमारतीने समोर मोटारींसाठी जागा सोडलीच पाहिजे. तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत मोटार कुणाकडेच नव्हती. मॅडम चिडून म्हणत, "मोटार जन्माला यायच्या आधी तिला अंगण, आणि बाईनं मात्र पिशव्या घेऊन उन्हातून हमरस्ता ओलांडायचा. कुणाच्या आईनं लिहिलाय हा नियम?"

त्यांना हवे होते ते सोपे होते. घरांच्या खाली, तळमजल्यावर, वाणी, गिरणी, शिंपी, डॉक्टर. दुकानांपुढे झाडांच्या सावलीत रुंद फुटपाथ. आणि गाड्या वसाहतीच्या कडेला, बाहेर. एवढ्यासाठी त्या सात पिढ्यांचे वैर असल्यासारख्या भांडत.

जवळच्या कोळीवाड्यातली एक मासेवाली कचेरीत टोपली घेऊन येई. एकदा ती दारातच बसली आणि म्हणाली, "बाय, त्या तुज्या नकाशान आमाला बसाला जागा हाय का नाय?"

"तुझं गाव उठवून शहर बसवतायत," मॅडम म्हणाल्या, "आणि तू टोपलीपुरती जागा मागतेस? लाज नाही वाटत एवढंसं मागायला?"

मासेवाली मुळीच दबली नाही. "तुजी जीब म्हंजे शिंगाल्याचा काटा हाय गो. लागला का सुजतंय." मॅडम हसल्या नाहीत, पण ती गेल्यावर त्यांनी फुटपाथच्या टोकाला मासेवाल्यांसाठी एक ओटा आखला. त्यावर छप्पर आणि बाजूला नळ. बांधकामखात्याच्या माणसाने छप्पर कापायला सुचवले, तेव्हा त्याची त्यांनी जी हजामत केली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

मी त्यांच्यावर प्रेम का करत होते, ते या ओट्यावरून कळेल. पण सगळ्यांच्या वाट्याला ओटा आला नाही.

पाटणकर नावाचा एक तरुण इंजिनिअर होता. सांगलीकडचा, सडपातळ, फार हुशार. त्याचे नुकते लग्न झाले होते आणि त्या दिवशी तो बायकोला कचेरी दाखवायला घेऊन आला होता. नेमका त्याच दिवशी मॅडमनी त्याचा नकाशा तपासायला काढला. मी हळूच म्हटले, "मॅडम, उद्या घेऊ या का? त्यांची मिसेस आलीय." त्या म्हणाल्या, "मग छानच. तिलाही कळू दे कुणाशी गाठ पडलीय."

बायको छत्री घेऊन मागे, आम्ही सगळे बाजूला, आणि पाटणकर डबा घेऊन पुढे. हमरस्त्याच्या मधोमध आल्यावर ट्रकचा भोंगा वाजला, तो दचकला, डबा सुटला. गहू डांबरावर पसरला. तो खाली बसून ओंजळीने गहू भरू लागला. मॅडम त्याच्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "मुली, घरचं दळण तूच आणत जा. तुझा नवरा ते कागदावरच पोचवतो."

ड्राफ्ट्समन हसले. ती मुलगी छत्री पुढे घेऊन तोंड लपवत होती. पाटणकरने एकेक दाणा वेचल्यासारखा गहू भरला आणि डबा मॅडमच्या पायाशी आणून ठेवला.

एका वसाहतीत मॅडमना प्रयोग करू दिला गेला. आम्ही तिथेच घर घेतले. तुमची आई त्या फुटपाथवर सायकल शिकली. खालच्या गिरणीत मी दळण टाकून भाजी घेऊन येई, तोवर पीठ तयार असे. गुडघे गेलेल्या सासूबाई मुंबईत वर्षानुवर्षे जिना उतरल्या नव्हत्या. इथे त्या रोज संध्याकाळी ओट्यापर्यंत जाऊन पापलेट महाग असल्याबद्दल भांडून येत. कधी विकत घेत नसत. मॅडम येऊन लांबून बघत, आणि कुणी आभार मानायला गेले तर तोडून बोलत. "बाजूला व्हा, वाट अडवताय."

मग हेच नियम सगळ्या नव्या वसाहतींना लागू करायचा प्रस्ताव गेला. त्यावर सही करायची होती पाटणकरने. तोवर तो बराच वर चढला होता.

त्या बैठकीला टिपणे घ्यायला मीच होते. पाटणकरने उभे राहून मॅडमना खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाला, "मॅडम, तुमचा एकही शब्द मी बदललेला नाही. फक्त एक ओळ वाढवलीय."

ओळ अशी होती: प्रत्येक दुकानाने आपल्या दारासमोर दोन मोटारींची जागा सोडावी. जुन्या वसाहतीतही.

मॅडमनी ती वाचली. "दारासमोर म्हणजे फुटपाथवर."

"तिथे जागा आहे, मॅडम. तुम्हीच ठेवलीत."

"झाडं आहेत तिथे. माणसं चालतात."

"चालतील की. गाड्यांमधून," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात. "साखर आणखी हवी का चहात?"

मॅडम पुष्कळ बोलल्या. त्याच्या बुद्धीवर बोलल्या, शिक्षणावर बोलल्या. तो मान डोलावत राहिला आणि शेवटी त्याने सही केली. समितीतल्या एकानेही तोंड उघडले नाही. प्रत्येकाने कधी ना कधी त्यांचा मार खाल्लेला होता. जिना उतरताना त्या मला म्हणाल्या, "लेलेबाई, त्याच्या जागी मूर्ख असता तर दहा ओळी लिहिल्या असत्या. ह्याला बरोबर एक ओळ पुरली."

दिवाळीनंतर झाडे तोडली. फुटपाथच्या फरश्या उपटल्या. आधी स्कूटर आल्या, मग वाण्याचे टेम्पो, मग मोटारी. मासेवालीच्या ओट्यापुढे गाड्या लागू लागल्या, तेव्हा ती ओटा सोडून नाक्यावर उन्हात जाऊन बसली. एकदा टेम्पो मागे घेताना सासूबाईंना धक्का लागला. हाड मोडले नाही, पण त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत. खिडकीत बसत आणि गाड्यांना शिव्या देत. तशाच गेल्या.

मॅडमनी निवृत्तीनंतर हट्टाने त्याच वसाहतीत तळमजल्यावर घर घेतले. लग्न केलेले नव्हते. त्यांना छातीचे दुखणे लागले तेव्हा कचेरीतले कुणी फिरकले नाही. मी रोज डबा पोचवत असे, आणि त्या रोज आमटीला नावे ठेवीत.

एका दुपारी पाटणकर आला. घामाने शर्ट ओला झालेला. दारासमोर गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून गाडी हमरस्त्यावर सोडून चालत आला होता. मॅडम उशीला टेकून म्हणाल्या, "का रे, ओळ कमी पडली?"

तो हसला नाही. शेजारी बसला, सफरचंदे ठेवली, औषधे विचारली. मग मॅडम भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तू सगळ्यांत हुशार होतास. म्हणून तुला जास्त मारलं. ढ असतास तर सोडलं असतं."

त्याने चष्मा काढून पुसला. "मॅडम," तो म्हणाला, "हे त्या दिवशी रस्त्यात सांगायचं होतंत. माझी बायको ऐकत होती."

त्याने वाकून नमस्कार केला आणि तो निघाला. मी उशी सारखी करायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला आणि खिडकीकडे मान वळवली. बाहेर पाटणकर दोन गाड्यांच्या मधून अंग चोरून वाट काढत होता. एका आरशाला त्याची बाही अडकली.

तो दिसेनासा होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"पाय उचलत नाही मेला," त्या म्हणाल्या, आणि पुढे महिनाभर, स्वतः जाईपर्यंत, त्यांनी त्याचे नाव काढले नाही.